नेट गेलं? कस्टमर केअरला फोन लावण्याआधीची दहा मिनिटं

‘वाय-फाय गेलंय’ असं आपण सरसकट म्हणतो. कोथरूडला राहणारी माझी मावशी गेल्या पावसाळ्यात दोन दिवस कस्टमर केअरला हेच सांगत होती, आणि तिकडून दर वेळी एकच उत्तर येत होतं: राउटर बंद करून परत चालू करा. वाय-फाय ठणठणीत होतं. बाल्कनीतून आत येणारी फायबरची तार सरकत्या काचेच्या खिडकीत चेपली गेली होती, आणि कोपऱ्यातल्या पेटीवरचा लाल दिवा दोन दिवस तेच सांगत होता.

वाय-फाय म्हणजे राउटरपासून मोबाइलपर्यंतचा हवेतला शेवटचा टप्पा, एवढंच. त्याच्यामागे राउटर, मग पेटी, मग रस्त्यावरची लाइन. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायचं. (त्याआधी रिचार्ज संपलेला नाही ना, ते बघून घ्या. हसू नका, निम्म्या वेळा तेच निघतं.)

आधी दिवे वाचा

भिंतीतून येणारी बारीक तार ज्या पेटीत शिरते ती ओएनटी. आपल्याकडे तिलाच मोडेम म्हणतात, आणि बऱ्याच घरांत राउटरही तिच्यातच असतो. तिच्यावरचा ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरून लाइन येते आहे. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू करून काही होणार नाही. तार कुठे चेपलीय का, काटकोनात वाकलीय का, पेटीत नीट बसलीय का, एवढं पाहा. ती आतून काचेची असते. तुटली तर चिकटपट्टीने जुळत नाही, मशीन घेऊन माणूस यावा लागतो. आणि सुटलेलं टोक डोळ्यासमोर धरून ‘उजेड येतोय का’ बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर मात्र बंद-चालू जरूर करा. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, पाच मिनिटं वाट पाहा. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका! तो रिसेट असतो. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि मग खरोखरच माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं.

गुरुवारचं काय?

पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती आणि बैठकीत ‘सॉरी, लाइट गेली’ हे आता पाठ झालंय. राउटरला छोटा यूपीएस लावावा का, हे घरात येणारी तार पाहून ठरवा. बारीक फायबर थेट घरात येत असेल तर वाटेत इमारतीत जो स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारा) असतो त्याला वीज लागतच नाही. तुमची पेटी चालू राहिली की बहुतेक वेळा नेट चालू राहतं. पण जाड लॅन केबल येत असेल तर जिन्यात किंवा गच्चीवर ऑपरेटरचा स्विच, म्हणजे घरोघरी नेट वाटणारी पेटी, असतो आणि तो विजेवर चालतो. तो बंद पडला की तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसतो. तेव्हा आधी ऑपरेटरच्या दादांना विचारा, स्विचला बॅकअप आहे का.

यूपीएस घ्यायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणार असाल तर अडॅप्टरच्या लेबलचा फोटो काढून न्या. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ वर. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज द्यायचीय, हे विसरू नका.

राउटरजवळ एक, आतल्या खोलीत एक

आता स्पीड टेस्ट. एकदा राउटरच्या शेजारी उभं राहून, एकदा जिथे अडतं तिथे. शेजारी उत्तम आणि आत रडतंय, तर लाइनचा दोष नाही, भिंतींचा आहे. राउटर दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर, बोलतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो. २.४ हळू, पण लांब जातो. पेठेतल्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी भिंतीपलीकडे ५ वर विसंबू नका. लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या कपाटात राउटर कोंबू नका. उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याजवळ ठेवा. एवढ्यानेही आत पोचत नसेल तर लॅन केबल ओढून आत दुसरा राउटर लावणं हाच धड उपाय, असं माझं मत आहे.

सोसायटीत २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्हही याच पट्टीत चालतो. दूध गरम करताना व्हिडिओ अडकला तर तक्रार कुठे करायची ते तुम्हीच ठरवा.

‘१०० एमबीपीएस घेतलंय, पण डाउनलोड बाराचंच दिसतंय’ ही फसवणूक नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० चे साडेबारा. पण २०० चा प्लॅन असून लॅपटॉप लॅन केबलने जोडूनही स्पीड टेस्टचा आकडा पंचाण्णवच्या वर हलत नसेल, तर राउटरचं पोर्ट १०० चंच आहे का, किंवा केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडल्यात का, ते बघा.

सगळं ठीक, तरी साइट उघडत नाही

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग ८.८.८.८ द्या (सगळं इंग्रजीत: ping 8.8.8.8). उत्तर आलं तर नेट चालू आहे, नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा रुसलीय. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. आधी लॅपटॉप, मग राउटर बंद-चालू करा.

इतकं करूनही अडलं, तर फोन लावा. ‘वाय-फाय गेलंय’ म्हणू नका. ‘लॉसचा दिवा सकाळपासून लाल आहे, तार बाहेरून ठीक दिसतेय’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्रात काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हाच क्रमांक लागतो. मावशीने तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला होता.