पुळणीवर पळायला जाताय? आधी तिथी बघा

पाण्याची बाटली, टोपी, जुना टॉवेल. हे सांगावं लागू नये. बुटांचं पुढे बोलू. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा.

मागच्या खेपेला दापोलीजवळच्या मुरुडला जाताना मी सगळं नेलं होतं. मोज्यांचे दोन जोड, खजूर, अगदी पायाला लावायची पट्टीसुद्धा. तिथी तेवढी बघितली नव्हती. नवमी होती. पावणेसातला खाली उतरलो तर भरती पूर्ण भरलेली. पळायची ती ओली, घट्ट पट्टी पाण्याखाली. माझ्या वाट्याला उरली वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. आलोच आहे तर पळू, म्हणून चाळीस मिनिटं पळलो. दुसऱ्या दिवशी लॉजचा जिना कठडा धरून उलटा उतरलो आणि टाचेमागची शीर पुढे तीन आठवडे दुखत राहिली.

हिशेब किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. तिथीची पाऊणपट करायची, की भरती भरण्याची ठोकळ वेळ निघते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी. त्यानंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, होऊ दे. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'गेल्या रविवारी सातला छान होतं' याला काही अर्थ नाही. तिथी बघा.

एवढा आटापिटा कशाला? वाळू फुकट दमवत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं होतं: मऊ वाळूवर पळायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, चालायला २.१ ते २.७ पट. पाय रुततो, वाळू सरकते, ढकललेला जोर अर्धा तिच्यातच मुरतो. गुडघ्याला दणका कमी बसतो, हा फायदा खरा. पण भार पोटऱ्या, घोटा आणि तळव्याच्या बारीक स्नायूंवर जातो, आणि डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांचे हे स्नायू झोपलेले असतात. म्हणून पळणं ओल्या पट्टीवर, आणि कोरड्यात पहिल्या दिवशी दहा मिनिटं फक्त चालणं. दहा म्हणजे दहा. ओली पट्टी हवी तर ओहोटी हवी, आणि ओहोटी हवी तर... कळलं ना.

बूट की अनवाणी? कोरड्या वाळूत बुटात वाळू शिरते नि फोड येतात, अनवाणी गेलात तर शिंपले नि काचा. मी ओल्या पट्टीवर बूट घालतो, शेवटची पाच-सात मिनिटं काढतो. पावसाळ्यात अनवाणी जाऊच नका. वाहून आलेले ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे निळे विषारी समुद्री जीव, मेले तरी डंख मारतात, आणि तसेही त्या दिवसांत पाण्याजवळ काय काम आहे?

उतार लक्षात ठेवा. किनारा समुद्राकडे कललेला असतो, एकच बाजू धरून पळालात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर बोलायला लागते. जितकं गेलात तितकंच त्याच पट्टीवरून परत या. पाणी कुठे आलंय ते येताना बघत राहा, वळायची वेळ ओहोटीच्या तळाशी जुळवा.

ऊन चढायच्या आत संपवा, डिसेंबरातही. गाड्या, घोडे, कुत्री, ठीक आहे. परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढा, पोटऱ्या ताणा. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

मी पौर्णिमेनंतरचा शनिवार धरलाय. द्वितीया आहे. भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला.