गच्चीवरून स्पेस स्टेशन कसं बघायचं

दुर्बीण लागत नाही, हे आधीच सांगते. साधारण ४०० किमी वरून इंटरनॅशनल स्पेस स्टेशन जातं, शहराच्या उजेडातही छान दिसतं, आणि २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही, आत्ताही आत माणसं आहेत.

फोनवर नासाचं 'स्पॉट द स्टेशन' ॲप घ्या, आपलं गाव टाका. कधी, कुठल्या दिशेने आणि किती अंश वर येणार ते कळतं. 'पास' म्हणजे स्टेशनचं आपल्या आकाशातून एकदा जाणं; क्षितिजापासून ४० अंशांच्या खालचे पास सोडून द्या, बिल्डिंगच्या आड जातात. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. वेळ संध्याकाळची नाहीतर पहाटेची असते, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो पण वर त्याच्यावर ऊन पडलेलं असतं. पावसाळ्यात मात्र नशिबावर सोडा.

पाच मिनिटं आधी गच्चीवर जा, मोबाईल खिशात ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला बघत रहा. शुक्रासारखा पांढरा ठिपका, लुकलुकत नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत, शांतपणे सरकत पूर्वेकडे जातो. लाल दिवा दिसला तर विमान आहे.

आईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा कठड्याला हात टेकून तिने विचारलं, "अगं, मग यांना प्यायला पाणी कुठून?" मला वाटतं हाच खरा प्रश्न आहे, कारण वर नेलेला प्रत्येक लिटर रॉकेटने उचलावा लागतो, म्हणून घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं शुद्ध करून परत पितात, २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. स्टेशनवर सामानाचं यान अधूनमधून येतं, पण पुढे माणसं मंगळावर गेली तर नुसतं पोचायलाच सहा-सात महिने, तिथे मशीन बिघडलं तर कोण येणार? शिवाय वजन जाणवत नाही म्हणून हाडं झिजतात, रोज दोनेक तास व्यायाम करावाच लागतो. २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्टेशनवर राहून आले, तेव्हा आम्ही अख्खं घर गच्चीवर होतो.

कधी कधी ठिपका आकाशाच्या मध्यावरच तांबूस होऊन विझतो. घाबरू नका, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. दीडेक तासात एक फेरी होते, त्यामुळे पुढचा पास ॲपमध्ये लगेच बघून ठेवा.