घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी परवडणारा वायरलेस माईक कसा निवडावा

कोकणातल्या घरांत कॅमेरा बाहेर निघण्याचे प्रसंग बहुतेक ठरलेले असतात. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात, शिमग्यात पालखी अंगणात येते, मे महिन्यात एखादे लग्न किंवा मुंज असते. आणि याच गर्दीत कोणाला तरी वाटते की आजीच्या ओव्या किंवा आजोबांनी देवापुढे घातलेले गाऱ्हाणे नोंदवून ठेवले पाहिजे. चित्र चांगले येते, पण नंतर ऐकायला बसल्यावर वारा, पंखा, माडांची सळसळ आणि मागच्या पडवीतल्या गप्पा स्पष्ट ऐकू येतात आणि जे ऐकण्यासाठी कॅमेरा लावला ते शब्दच लागत नाहीत.

याचे कारण कॅमेऱ्याच्या दर्जात नसून अंतरात असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावलेल्या माईकच्या तुलनेत सव्वातीन मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तोच आवाज सुमारे २४ डेसिबलने कमी मिळतो, आणि भोवतालचा गोंगाट मात्र दोघांनाही जवळजवळ सारखाच ऐकू येतो. म्हणून मोजकेच पैसे असतील तर ते दोनच गोष्टींसाठी खर्च करावेत: माईक बोलणाऱ्याच्या छातीपर्यंत नेण्यासाठी आणि त्याला वाऱ्यापासून राखण्यासाठी. बाकीच्या सोयी मिळाल्या तर घ्याव्यात, त्यांच्यासाठी जास्त किंमत मोजू नये.

पहिली पायरी: कॅमेऱ्याचा जॅक पाहावा

दुकानात जाण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सगळ्या झाकण्या उघडून माईकचे चिन्ह असलेला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे का, हे नीट पाहावे. घरगुती हँडीकॅमच्या अनेक स्वस्त मॉडेलांत तो नसतो, आणि असला तर त्याच्या शेजारीच दिसायला अगदी तसाच हेडफोनचा जॅक असू शकतो. हेडफोनच्या जॅकमधून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. तरीही हेडफोनचा जॅक असलेला कॅमेरा ही मोठी सोय आहे, कारण चित्रीकरण चालू असतानाच आवाज ऐकून खात्री करता येते.

माईकचा जॅक मुळीच नसेल, तर कॅमेऱ्याला जोडायचा वायरलेस संच विकत घेऊ नये. अशा कॅमेऱ्यासाठीचा मार्ग पुढे दिला आहे.

जॅक असेल तर पिनेकडे लक्ष द्यावे. कॅमेऱ्याला लागणाऱ्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलला लागणाऱ्या पिनेवर तीन. मोबाइलची पिन कॅमेऱ्यात व्यवस्थित बसते, पण आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो, आणि माईक खराब निघाला असे समजून तो परत केला जातो. संचासोबत दोन रेघांची केबल येते का, हे खोक्यावरच्या यादीत तपासावे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मोबाइलसाठी बनवलेल्या संचांत. हजार-पंधराशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक संचांचा रिसीव्हर, म्हणजे माईककडून आलेला आवाज पकडणारा भाग, थेट मोबाइलच्या टाइप-सी चार्जिंगच्या जागी बसतो. तो कॅमेऱ्याला जोडता येत नाही, टाइप-सीला ३.५ मिलिमीटरची पिन जोडणारा साधा कनेक्टर लावूनही सहसा काम होत नाही, कारण त्या रिसीव्हरला वीज आणि आवाज वाचणारे यंत्र या दोन्ही गोष्टी मोबाइलकडूनच मिळत असतात. कॅमेऱ्यासाठी घ्यायच्या रिसीव्हरला स्वतःची बॅटरी आणि ३.५ मिलिमीटरचा आउटपुट जॅक असलाच पाहिजे. खरेदीत एकच अट पाळायची झाली, तर ती ही पाळावी.

दुसरी पायरी: कोणाचा आवाज, कुठे घ्यायचा हे ठरवावे

ओटीवर खुर्चीत बसलेल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची असेल, तर वायरलेस माईकची गरज आहे का, याचा आधी विचार करावा. बोया कंपनीच्या बीवाय-एम१ या तारेच्या कॉलर माईकला (कपड्याला चिमट्याने लावायच्या छोट्या माईकला) ६ मीटर लांबीची तार असते, मोबाइल आणि कॅमेरा यांत बदल करण्याचे बटण असते, आणि कॅमेऱ्यासाठी तो एलआर४४ या लहान सेलवर चालतो. बसून बोलणाऱ्या माणसासाठी असा माईक वायरलेसपेक्षा खूप स्वस्त पडतो आणि त्यात संपर्क तुटण्याची भीती नसते. वायरलेस घ्यावा तो माणूस चालत, काम करत बोलणार असेल तेव्हा: आंब्याची पेटी भरताना, जाळे विणताना, परसातली झाडे दाखवताना किंवा वाडीतून पालखीबरोबर जाताना.

दोन माणसांचा संवाद घ्यायचा असेल तर दोन ट्रान्समीटर (बोलणाऱ्याला लावायचा, आवाज पाठवणारा भाग) आणि एक रिसीव्हर असा संच पाहावा. एकच माणूस बोलणार असला तरी दुसरा ट्रान्समीटर वाया जात नाही. एकाची बॅटरी उतरली की दुसरा लावता येतो, आणि वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत याचा उपयोग नक्की होतो.

भजनाची डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) किंवा शिमग्यातले ढोल यांसाठी कॉलर माईक हे योग्य साधन नाही. पखवाज आणि झांजांच्या जवळ नेलेला स्वस्त माईक फाटलेला आवाज देतो, आणि तो नंतर दुरुस्त करता येत नाही. तिथे ट्रान्समीटरची पातळी पुष्कळ खाली आणून तो वाद्यांपासून काही अंतरावर ठेवावा, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवरच भागवावे.

तिसरी पायरी: लहरींचा पट्टा आणि अंतर समजून घ्यावे

आज परवडणाऱ्या किमतीत मिळणारे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रोड कंपनीने २०१९ मध्ये वायरलेस गो हा खिशाला अडकवता येईल एवढा लहान संच आणला आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी त्याच धर्तीचे स्वस्त संच बाजारात आणले. भारतात हा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यामुळे घरगुती वापरात कायद्याची अडचण येत नाही. जुने यूएचएफ संच (याहून खालच्या, काहीशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे) सेकंडहँड बाजारात आकर्षक किमतीला दिसतात, परंतु त्यांचा पट्टा तपासल्याशिवाय ते घेऊ नयेत. उदाहरणार्थ, ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेला दिला गेला आहे. त्या पट्ट्यातला जुना माईक आज वापरणे योग्यही नाही आणि भरवशाचेही नाही.

खोक्यावर लिहिलेले १०० किंवा १५० मीटरचे अंतर हे मोकळ्या मैदानातले, मध्ये कोणताही अडथळा नसतानाचे असते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीपलीकडे तेवढ्या अंतराची अपेक्षा ठेवू नये. माणसाचे शरीरही मोठा अडथळा आहे, कारण शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. याचा अनुभव गाऱ्हाण्याच्या वेळी हमखास येतो: घरातले वडीलधारे देवाकडे तोंड करून उभे असतात, ट्रान्समीटर त्यांच्या छातीवर असतो आणि कॅमेरा पाठीमागे. अशा वेळी आवाज मध्येच तुटतो. कॅमेरा बाजूला घ्यावा, किंवा ट्रान्समीटर कमरेला मागे अडकवून त्याला तारेचा छोटा कॉलर माईक जोडावा आणि तो छातीवर आणावा. यासाठी ट्रान्समीटरला ३.५ मिलिमीटरचा इनपुट जॅक हवा. अगदी लहान, बटणाएवढ्या संचांत तो बहुधा नसतो. म्हणून आकार पाहून भुलू नये. माझ्या मते कोकणातल्या घरगुती चित्रीकरणासाठी हा जॅक, दिसायला नाजूक असण्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा आहे.

ब्लूटूथवर चालणारे माईक मात्र टाळलेले बरे. त्यांतला आवाज अनेकदा शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो, आणि सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एक चित्र ४० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे ओठ आधी हलतात आणि शब्द काही चित्रांनंतर येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या चांगल्या डिजिटल संचांत हा विलंब साधारण एका चित्राच्या आत राहतो आणि डोळ्यांना जाणवत नाही.

चौथी पायरी: वाऱ्याची तयारी

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी या पायरीला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. माईकवर आदळणारा वारा खोल गडगडाट निर्माण करतो आणि त्याखाली शब्द दबतात. माईकसोबत येणारी फोमची टोपी घरातल्या पंख्यापुरती ठीक असते. समुद्रकिनाऱ्यावर, पुळणीत तिचा फारसा उपयोग होत नाही. तिथे लांब केसांची मऊ टोपीच लागते. ती संचासोबत मिळते का आणि माईकवर घट्ट बसते का, हे घेतानाच पाहावे. सैल टोपी चालताना गळून पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रान्समीटरमध्ये किंवा कॅमेऱ्यात ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळण्याची सोय असेल तर बाहेर चित्रीकरण करताना ती चालू ठेवावी.

वेळही आपल्या हातात असते. उन्हे चढली की समुद्रावरून वारा सुरू होतो आणि दुपारी तो जोरात असतो. सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर तो बराच मंदावतो. बाहेर बसून बोलायचे असेल तर सकाळची वेळ धरावी. हर्णैला संध्याकाळी बंदरावर होणाऱ्या मासळीच्या लिलावासारख्या ठिकाणी वेळ निवडता येत नाही. तिथे बोलणाऱ्याने समुद्राकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे त्याचे शरीरच माईकला आडोसा देते.

आवाज स्वच्छ करण्याचे बटण अनेक स्वस्त संचांत असते. बोटीच्या इंजिनाजवळ किंवा जनरेटरशेजारी ते उपयोगी पडते, परंतु ओव्या, आरती किंवा गाऱ्हाणे नोंदवताना ते बंद ठेवावे. ते गोंगाटासोबत स्वराचा काही भागही काढून टाकते आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज पत्र्यासारखा लागतो. लाटांची गाज थोडी राहिली तरी चालेल; नंतर संगणकावर ती कमी करता येते, गेलेला स्वर मात्र परत आणता येत नाही.

पाचवी पायरी: घेतानाच तपासणी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा कुडाळ अशा ठिकाणच्या दुकानातून घेणार असाल तर कॅमेरा सोबत न्यावा आणि तिथेच जोडून पाहावा. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत वाचावी आणि पार्सल आल्याच्या दिवशीच तपासणी करावी. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत खोके बंद ठेवू नये. रिसीव्हर कॅमेऱ्याला जोडून घरातल्या एकाला ट्रान्समीटर लावावा, त्याला ओटीवरून खळ्यात, खळ्यातून परसात बोलत फिरायला सांगावे, आणि मग ते चित्रीकरण हेडफोन लावून संपूर्ण ऐकावे. कुठे तुटते ते लक्षात येईल. घरातले वायफाय आणि हॉटस्पॉट चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा ऐकावे, कारण तेही अनेकदा २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतात.

पातळी लावताना कॅमेऱ्यातली स्वयंचलित पातळी शक्य असेल तर बंद करावी. ती चालू असली की माणूस थांबताच कॅमेरा आवाज वाढवतो आणि शांततेत फुसफुस ऐकू येऊ लागते. कॅमेऱ्याची पातळी खाली आणि रिसीव्हरची वर, अशी रचना साधारणपणे स्वच्छ आवाज देते.

माईक लावण्याची जागा हनुवटीपासून सुमारे एक वीत खाली असावी. साडीच्या पदराला तो लावू नये, कारण पदर हलतो आणि रेशीम किंवा कडक खळीचे सुती कापड खसखसते. ब्लाउजच्या काठाला लावावा आणि मंगळसूत्राचे मणी किंवा माळ त्यावर आपटत नाही ना, हे पाहावे. काही ट्रान्समीटर लोहचुंबकाने कपड्याला चिकटतात. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवलेला आहे, त्यांच्या छातीवर असा माईक कधीही लावू नये. त्यांच्यासाठी चिमट्याचा माईक वापरावा.

कॅमेऱ्याला माईकचा जॅक नसेल तर

अशा वेळी आवाज वेगळा नोंदवावा. मोबाइलमधले रेकॉर्डिंग चालू करून त्याला तारेचा कॉलर माईक जोडावा, मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून विमान मोड लावावा, आणि कॅमेरा चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी. संगणकावर संकलन करताना टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की पुढचे सगळे जुळते. तासाभराच्या सलग चित्रीकरणात दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत किंचित फरक पडू शकतो, म्हणून मध्ये आणि शेवटी पुन्हा टाळी वाजवावी. ट्रान्समीटरमध्येच नोंद करणारे संचही मिळतात. ते महाग असले तरी जुना कॅमेरा बदलण्यापेक्षा स्वस्त पडतात.

संच टिकवण्यासाठी

खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा पिना हिरव्या करतो व माईकच्या आत ओल धरतो. पुळणीवरून आल्यावर पिना, जॅक आणि चार्जिंगचे तोंड कोरड्या कापडाने पुसावे, केसांची टोपी काढून वेगळी वाळवावी, आणि संच घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे घेतले तर ते ओलावल्याचे कळते, आणि मंद आचेवर कोरडे करून ते पुन्हा वापरता येतात. जून ते सप्टेंबर या काळात संच वापरात नसला तरी महिन्यातून एकदा बाहेर काढून निम्म्यापर्यंत चार्ज करावा. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्महिने पडली तर गणपतीच्या तोंडावर ती चार्ज होण्याचे नाकारते.