पावसाळ्यात रेशीम रंगवायला बसणाऱ्यांसाठी

कापड फ्रेमवर ताणणं, रंग पातळ करणं, ब्रश हलका ठेवणं हे तुम्हाला येत असेलच. पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात चार वर्षं काढलेल्यांनाही रेशीम पहिल्यांदा रडवतं. मलाही रडवलं, आणि तेही एकाच गोष्टीने: गट्ट्याच्या रेघेने. गट्टा म्हणजे रंग बाहेर पसरू नये म्हणून आकृतीच्या कडेने रेघ मारायचं चिकट द्रव्य.

आपण बहुतेक जण पाण्याचा गट्टा वापरतो. तो सुकतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. जुलैत पेडणे काय नि पणजी काय, हवाच पाण्याने भरलेली, उडणार कुठे? बोट लावलं तर रेघ कोरडी लागते, आतून मऊच असते. वर सोडलेला रंगही सुकत नाही, रेघेला टेकून राहतो, तिला हळूहळू विरघळवतो, आणि पाकळीतला लाल पानात उतरतो. उतरलेला रंग निघत नाही. वरून पांढरा रंग फासून झाका म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, कापड कडक होतं आणि रेशमाची चमक जाते.

म्हणून रेघ मारली की रात्रभर थांबा, जमलं तर एसीच्या खोलीत. सकाळी फ्रेम उजेडासमोर धरा. रेघ सगळीकडे सारखी पारदर्शक दिसली पाहिजे. मग फ्रेम उलटी करून मागून बघा. जिथे गट्टा आरपार गेलेला नाही, तिथे मागूनच पुन्हा रेघ द्या. रंग रेघेच्या अलीकडेच टेकवा, तो आपोआप पसरत तिथवर जातो. सुरुवातीला 8 मोमेची (मोमे म्हणजे रेशमाच्या वजनाचं माप) हबुताई, म्हणजे साध्या विणीचं मऊ रेशीम, घ्या. ती पातळ असते, गट्टा सहज आरपार जातो. जो शिकवणारा कापडाची मागची बाजू बघतच नाही, त्याच्याकडे फी भरू नका.

हेअर ड्रायरने रंग सुकवायची घाई नको, कडांना डाग धरतात.

घाबरू मात्र नका. ऑक्टोबरनंतर त्याच हाताने मारलेली रेघ नीट धरते. ओल्या रंगावर मीठ टाकून उमटणारे ठसे तर आपल्याकडे सुंदर येतात. पेडण्यातल्या अगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घ्या. पावसात ते ओलं होतं, तेव्हा तव्यावर कोरडं करून थंड होऊ द्या. कापड ओलसर चमकत असताना टाका, रंगाचं तळं साचलेलं असताना नाही.

वाफेवर पक्का होणारा रंग असेल तर कापड कोऱ्या कागदात गुंडाळा आणि वर फॉइल झाका, भांड्याच्या झाकणावरून पडलेला पाण्याचा एक थेंबही डाग पाडतो. वेळ बाटलीवर दिलेली असते, ती पाळा. लहान तुकड्यांना मोदकपात्र चालतं, पण मग ते रंगासाठीच ठेवा. पुन्हा स्वयंपाकात नको, चवथीला तर नाहीच.