लाकूड, पितळ, कातडं: कशाला कोणता गोंद?

दुकानात जाऊन ‘मजबूत गोंद द्या’ म्हणू नका. नीट रंधलेला, फट नसलेला सांधा साध्या पांढऱ्या गोंदानं जोडला तरी जोर लावल्यावर बहुतेकदा शेजारचं लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही. मजबुतीचा प्रश्न तिथंच संपला. पाहायच्या गोष्टी तीन: दोन्ही पृष्ठभाग पाणी शोषतात का, वस्तू भिजणार का, आणि पावसाळ्यात एकच बाजू फुगणार का.

लाकडाला लाकूड असेल तर पांढरा फेव्हिकॉल, एसएच. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा मिनिटांच्या आत जुळवणी, रात्रभर शिकंजा (क्लॅम्प). कडेनं बारीक थेंबांची रांग उमटली की गोंद आणि दाब दोन्ही बरोबर. सिंकखालचं कपाट किंवा अंगणातला बाक असेल तर मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा फेव्हिकॉल, घ्या. सागवान तेलकट असतं, त्यामुळं गोंद लावायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसून लगेच जोडा. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल परत वर येतं. डुगडुगणाऱ्या जुन्या खुर्चीत वरून गोंद ओतणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा उघडा, खरवडा, मग लावा.

सनमायका आणि कातड्याला रबरी गोंद, म्हणजे एसआर. दोन्ही पृष्ठभागांवर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. पावसाळी दमट हवेत गोंदातला द्रावक (सॉल्व्हंट) उडताना थर गार पडतो आणि त्यावर ओल धरते. थर पांढुरका दिसला तर दाबू नका, पंखा लावून तो पूर्ण सुकू द्या. स्टुलाच्या बैठकीला कोल्हापुरी चपलेसारखं जाड कातडं लावताना खालची खरबरीत बाजूच चिकटवा आणि कातड्याला तेल देणं नंतर करा. तेल प्यायलेल्या कातड्यावर कुठलाच गोंद टिकत नाही. खोलीत उघडी ज्योत नको, अगरबत्तीसुद्धा नाही.

आता लाकडाला धातू. बहुतेक कामं इथंच फसतात, आणि दोष मात्र एपॉक्सीला, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाला, मिळतो.

पांढरा गोंद इथं बाद. त्यातलं पाणी शोषायला पितळ काही लाकूड नव्हे. फेव्हिक्विक पटकन धरतं, पण ठिसूळ असतं. दार दोन-चारदा आपटलं की त्यावरची पितळी पट्टी उडते. एपॉक्सीच लागतं, तेही सावकाश घट्ट होणारं. पाच मिनिटांचं एपॉक्सी उष्णता आणि ओल यांच्यापुढं कच्चं पडतं, ते फोटोफ्रेमपुरतं ठेवा.

धातू आधी अ‍ॅसिटोननं पुसा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं मॅट होईपर्यंत घासा, पुन्हा पुसा. क्रम उलटा केला तर तेलच ओरखड्यांत घासलं जातं. त्यानंतर बोट लावायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून त्यावर थोडं एपॉक्सी ओतून त्या ओल्यातच घासा. रेझिन आणि हार्डनर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, तळ आणि कडा खरवडत दोन मिनिटं ढवळा. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका; ते कायमचं मऊ राहतं. लाकडावर आधी पातळ हात द्या, ते पिऊ द्या. उरलेल्यात चाळलेला बारीक भुसा मिसळून दाट करा आणि तो जोडावर लावा. शिकंजा हलकाच. फेव्हिकॉलच्या सवयीनं आवळला तर सगळं एपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. चोवीस तास हात लावू नका.

एवढं करूनही पट्टी सुटते, त्याचं कारण जून महिना. लाकूड रेषांच्या (तंतूंच्या) दिशेनं जवळजवळ हलत नाही, पण आडवं फुगतं. एक फूट रुंद सागवानी फळी कडक उन्हाळा ते भर पावसाळा यात सहज दोन मिलिमीटर फरक दाखवते. पितळ त्या ओलीनं हलतच नाही. मग देव्हाऱ्याच्या दारावर रेषांना आडवी चिकटवलेली लांब पट्टी एक तर टोकाला उचलते, नाहीतर फळी चिरते. पट्टी रेषांच्या दिशेनं असेल तर पूर्ण लांबी चिकटवा. आडवी असेल तर फक्त मधला दोन इंच भाग चिकटवा, टोकांना लांबट भोकं पाडून स्क्रू मारा, आणि तेही फार आवळू नका. उद्यमनगरातल्या कारखान्यातून टेबलाचे लोखंडी पाय बनवून आणलेत? वरच्या पट्ट्यांना लांबट भोकं तिथंच पाडून घ्या. टेबलाच्या अखंड फळीला ते पाय गोंदानं चिकटवायचेच नाहीत. फळीऐवजी प्लायवूड असेल तर ही कटकट फारशी नाही, ते हलतं फार कमी.

आरशामागं व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन लावू नका, पाठीमागचा लेप खाऊन काळे डाग पडतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा. थर्मोकोलला एसआर लावलं तर ते विरघळतं, तिथं पांढरा फेव्हिकॉल. आणि बादल्या-डब्यांचं मेणचट प्लास्टिक यातल्या कशानंच धड चिकटत नाही. त्याला स्क्रू मारा.