आण्णांची कॅसेट: जुना चिनी सुपरहिरोपट घरी बघण्याजोगा कसा करायचा

आमच्या आण्णांची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत व्हिडिओ लायब्ररी होती. मामा मर्चंट नेव्हीत. १९८६ च्या मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा सिंगापूरहून त्यांनी एक कॅसेट आणली. खोक्यावर लालभडक पोशाखातला, किड्यासारख्या टपोऱ्या डोळ्यांचा एक वीर. नाव चिनीत, ते कोण वाचणार? आण्णांनी कॅसेटच्या पाठीवर पट्टी चिकटवून स्केचपेननं लिहिलं, 'चायनीज, लाल हिरो'. त्या सुट्टीत ती कॅसेट एक रात्रसुद्धा घरी थांबली नसेल. तालमीतली पोरं एक शब्द न कळता ती चारचारदा बघायची.

पुढं कळलं की तो हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओचा १९७५ चा 'द सुपर इन्फ्रामॅन'. दिग्दर्शक हुआ शान, नायक डॅनी ली. मूळ चिनी नावाचा अर्थ 'चिनी सुपरमॅन' असाच होतो. जपानी टीव्हीवरच्या मुखवटेवाल्या वीरांची तेव्हा लाट होती, त्याला हाँगकाँगनं दिलेलं हे उत्तर. कॅमेराही जपानी माणसाच्याच हातात होता, तादाशी निशिमोतो यांच्या.

माझं काम लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं. लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणं हे रोजचंच. तरी आण्णांची कॅसेट मी आळसानं एका दुकानात दिली आणि हातात काय आलं? चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं, हिरो बुटका आणि जाडा, चेहरे मेणाचे, मारामारीत हातापायांना कंगव्याचे दात. आण्णा तेव्हा होते. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे आपलं न्हवं." मग मी मूळ कॅसेट परत आणली आणि स्वतः बसले. तेव्हापासून अशा सात-आठ कॅसेटी केल्या, त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहिते.

आधी एक सांगते. तुमच्या पिक्चरची अधिकृत डिस्क मिळत असेल तर ती आधी विकत घ्या. सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीनं २००० साली शॉ ब्रदर्सचे ७६० च्या आसपास चित्रपट घेतले आणि मूळ निगेटिव्हवरून सुधारून काढले. आपली कॅसेट त्याच्या जवळपासही जाऊ शकत नाही. पण त्यातल्या काही डिस्कांवर नवा सराउंड आवाज करताना नवे धाडधूड आवाज मिसळलेत, आणि जुना मोनो आवाज कॅसेटवरच सापडतो. शिवाय कित्येक पिक्चरांची डिस्क मिळतच नाही. त्यांच्यासाठी कॅसेटच देव. आम्हा कोल्हापूरकरांना हे निराळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथं मूकपट काढले, आणि त्यातले बहुतेक आज बघायलाही उरलेले नाहीत.

बुरशी आणि हात

कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून टेपची कड उजेडात बघा. भाकरीवर पीठ भुरभुरावं तसा पांढुरका थर दिसला तर ती बुरशी. पंचगंगेच्या काठच्या गावात माळ्यावर तीस पावसाळे काढलेल्या कॅसेटीला ती असणारच. अशी कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला.

हे काम जुलैत करू नका. मी फाल्गुन-चैत्रात करते, हवा कोरडी असते तेव्हा. तोंडाला मास्क, गच्चीवर टेबल. कॅसेट पालथी केली की पाच स्क्रू दिसतात. ते काढायचे, वरचं झाकण अलगद उचलायचं आणि आधी मोबाईलवर फोटो काढायचा, कारण आतल्या बारक्या स्प्रिंगा उडाल्या की कुठली कुठं बसते ते आठवत नाही. दोन्ही चकत्या काढून दुसऱ्या स्वच्छ कॅसेटीच्या कवचात बसवायच्या. त्याआधी टेप पुसायची. त्यासाठी मी उद्यमनगरातून लेथवर नायलॉनचे दोन खुंटे करून घेतले, चकतीच्या भोकात घट्ट बसतील असे, एकाला हँडल. ते पाटावर ठोकले. टेप एका चकतीवरून दुसरीवर हळू फिरवायची आणि मध्ये धागे न सुटणारं मऊ कोरडं कापड दोन बोटांत धरायचं, नुसतं टेकवून, दाबायचं नाही. पहिल्या फेरीत कापडावर राखाडी पट्टा उमटतो. कापडाची जागा बदलत राहायची. टेपला पाणी, स्पिरिट काही लावायचं नाही. मला तीन फेऱ्या लागल्या, तिसऱ्या फेरीला कापड पांढरं राहिलं.

व्हीसीआरचं हेड साफ करताना साधा कोरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला लावून धरा, हलवू नका, आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून फिरवा. कागद खालीवर घासला तर हेडचं टोक तुटतं आणि मशीन गेलं. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं घ्या, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. त्यानंतरच प्ले.

उतरवणं

व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडताना पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी वायर) वापरा. कॅसेटवर उजेड आणि रंग वेगवेगळे साठवलेले असतात. पिवळ्या वायरीत ते एकत्र कालवले जातात आणि मग पुन्हा निवडत बसावं लागतं. चित्राच्या उभ्या कडा लटलटत असतील तर मध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. काही रेकॉर्डर येणारा सिग्नल ओळ न् ओळ सरळ करून पुढं देतात. भंगार बाजारात ते मातीमोलानं मिळतात.

फाइल लॉसलेसच हवी, म्हणजे काहीही न गाळणारी, ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ पद्धतीतली. तासाला ३०-३५ जीबी जागा जाते, जाऊ द्या. एकच कॅसेट तीनदा उतरवा. मशीनमुळं येणारे पांढरे फटकारे दर वेळी वेगळ्या जागी पडतात. तिन्ही फाइली एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमला फ्रेम जुळवून प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत घेतली की फटकारे आपोआप जातात.

दुकानवाल्याचे कंगव्याचे दात कुठून आले तेही सांगते. टीव्हीचं एक चित्र दोन अर्ध्यांत येतं, सम ओळी आणि विषम ओळी. पिक्चर मात्र फिल्मवर असतो, सेकंदाला २४ पूर्ण चित्रं. आपल्याकडच्या आणि सिंगापूरच्या पॅल या टीव्ही पद्धतीत तो सेकंदाला २५ नं पळवतात, म्हणून बऱ्याचदा दोन्ही अर्धे एकाच फिल्म-चित्राचे असतात, फक्त चुकीच्या जोडीदाराशी बांधलेले. मारामारीचा प्रसंग एकेक फ्रेम पुढं नेऊन बघा. प्रत्येक फ्रेमला दात दिसत असतील तर जोडी एका अर्ध्यानं सरकवा, चित्र अखंड होतं. इथं डीइंटरलेस (एक अर्धा टाकून दात घालवणं) करू नका, निम्मा तपशील फुकट जातो. अमेरिकन एनटीएससी कॅसेट असेल तर दर पाच फ्रेमला दोनांत दात दिसतील. तिथं उलटा टेलिसिने (आयव्हीटीसी) करावा लागतो, म्हणजे टीव्हीसाठी वाढवलेले अर्धे काढून फिल्मची मूळ चित्रं परत मिळवायची.

लाल

इथं माझे सर्वांत जास्त दिवस गेले. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या घरगुती कॅसेटीच्या पद्धतीत, रंगाला जागा फार थोडी मिळते आणि त्यात लाल सर्वांत वाईट पसरतो. आणि आपला हिरो नखशिखांत लाल! तो खडकांच्या पुढं हात उगारून उभा राहतो त्या फ्रेमवर मी थांबले. हाताची रेघ एका जागी आणि लाल रंग तिच्या उजवीकडं सांडलेला, ओल्या कुंकवाच्या बोटासारखा. मोजलं तर रंग चार ठिपके उजवीकडं आणि दोन ओळी खाली उतरला होता. एव्हीसिंथमध्ये रंगाचा थर तेवढाच डावीकडं आणि वर सरकवला आणि हात हातात आला. तुमच्या कॅसेटीचा आकडा वेगळा असेल. लाल वस्तू आणि करडी पार्श्वभूमी असलेली फ्रेम शोधून मोजा.

मग रंगांचा तोल. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो आणि पिक्चर गुलाबी पडतो. तशा प्रिंटवरून कॅसेट निघाली असेल तर लाल हिरो लालच दिसतो, म्हणून चटकन लक्षात येत नाही. खाली छापलेली चिनी-इंग्रजी सबटायटलं पांढरी आहेत, तीच पांढऱ्याचा पुरावा धरावीत असं मलाही आधी वाटलं. ते चुकलं. ती अक्षरं प्रिंटच्या रंगाच्या थरातून आरपार कोरलेली असतात, खाली नुसती पारदर्शक फिल्म राहते, म्हणून पिक्चर कितीही उडाला तरी ती पांढरीच. तेव्हा अक्षरांवरून फक्त कॅसेटची आणि मशीनची झाक काढायची. प्रिंटचा गुलाबीपणा चेहऱ्यांवरून आणि अंधाऱ्या कोपऱ्यांवरून काढायचा. काळा कोपरा जांभळट दिसेनासा झाला की थांबा. डाविंची रिझॉल्व्ह या रंग सुधारण्याच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती यासाठी पुरते.

काय पुसायचं नाही

टेपनं आणि काळानं वर चढवलेलं काढायचं, कॅमेऱ्यासमोर जे होतं ते ठेवायचं. मी एवढाच नियम पाळते. उड्यांमध्ये तारा दिसतात, राक्षसाच्या रबरी पोशाखाची शिवण दिसते. ते पुसण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मी ती कधी वापरणार नाही. कुणीतरी त्या जड पोशाखात घाम गाळून तारेवर लटकलं होतं. किरणांचे आणि स्फोटांचे काही शॉट अचानक दाणेदार दिसतात. तिथं दोन फिल्मांचं चित्र तिसरीवर एकत्र छापलेलं असतं, म्हणजे प्रतीची प्रत. बाकीच्या पिक्चरशी जुळवायला ते गुळगुळीत करू नका.

एआयनं चित्र मोठं करण्याचंही मी करून बघितलं. डोळे चकाकले, गालावरची कातडी मात्र नाहीशी झाली. सबटायटलातल्या दाट चिनी अक्षरात आतल्या चार आडव्या रेषा होत्या, त्यांच्या जागी एक जाड काळी गाठ आली, आणि शेजारच्या अक्षराला नसलेली शेपटी फुटली. मला ती भाषा वाचता येत नाही, म्हणून तर मी जास्त जपायला हवं. ते सगळं पुसून टाकलं. साधं १४४० बाय १०८० वर मोठं केलं, दाणे हलके कमी केले, बस्स.

आकार बिघडवू नका. शॉ ब्रदर्सच्या रुंद पडद्याच्या पद्धतीची, शॉस्कोपची, मूळ चौकट २.३५ ला १, म्हणजे ऐसपैस. कॅसेटसाठी ती ४ ला ३ मध्ये कापताना जवळपास ४३ टक्के चित्र बाजूंना गेलंय आणि सबटायटलांच्या ओळींची दोन्ही टोकंही. गेलेलं परत येत नाही, ताणून तर नाहीच. सुरुवातीच्या नामावलीत मात्र माणसं उंच, बारीक, देवळाच्या दीपमाळेसारखी दिसतात. तिथं कापलेलं नसतं, सगळी चौकट दाबून बसवलेली असते. तो तुकडा वेगळा काढून आडवा पसरा, पूर्ण चौकट मिळते. आण्णांच्या कॅसेटीत अशी दीड मिनिटं होती, आणि त्या दीड मिनिटांत पिक्चर केवढा रुंद होता ते कळून गळा दाटून आला.

आवाज

आधी विजेची घरघर काढा, ५० हर्ट्झची, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये. क्रम महत्त्वाचा आहे. २५ नं पळवलेला पिक्चर २४ वर आणायला आवाजही ९६ टक्के वेगानं हळू करावा लागतो. ते आधी केलं तर घरघर ४८ वर सरकते आणि ५० ला लावलेली गाळणी रिकामी फिरते. हळू करताना सूरही खाली येऊ द्या, तोच मूळ सूर. ९० मिनिटांचा पिक्चर कॅसेटवर ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो, यावरून हिशोब तपासून घ्या.

टेपची सूं सूं फार काढू नका. शॉ ब्रदर्सच्या या पिक्चरांत संवाद आणि ठोशांचे आवाज नंतर स्टुडिओत भरलेले असतात. हवेत हात फिरल्याचा सपकारा आणि टेपची सूं सूं एकाच पट्टीत राहतात. एक काढायला गेलं की दुसरा जातो, आणि मग मारामारी उशांची वाटते.

मराठी सबटायटलं मी एजीसब या सबटायटलांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. इंग्रजी ओळींची टोकं कापलेली, म्हणून मधल्या शब्दांवरून अर्थ लावत दीड महिना गेला. जिथं लागलाच नाही तिथं रिकामं सोडलं, मनचं घातलं नाही. खाली जुनी अक्षरं आहेत, म्हणून मराठी वर ठेवली. भाचा आठ वर्षांचा आहे, त्याला वाचता यावं म्हणून ओळ सात-आठ शब्दांच्या पुढं जाऊ दिली नाही.

टीव्हीवर लावताना चित्राचा आकार ४ ला ३ वर ठेवा. रिमोटवरचं 'फुल' दाबलं की हिरो पुन्हा बुटका.

मूळ लॉसलेस फाइलच्या दोन प्रती ठेवा, आणि दोन्ही एकाच घरात नकोत. २०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात छातीइतकं पाणी होतं. माझी एक हार्ड डिस्क दुसऱ्या मजल्यावर, दुसरी कागलला बहिणीकडं. कॅसेट टाकून द्यायची नाही. ती पूर्ण मागं गुंडाळून, उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात. जुनं कवच फेकलं, पण पाठीवरची आण्णांच्या अक्षरातली पट्टी वाफेवर सोडवून नव्या कवचावर चिकटवली.