आधी रांग बघा, मग एंटर मारा

कोकणात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात कामाला लागणार असाल आणि समोर लिनक्सचा काळा पडदा (जिथे आज्ञा टाइप करून काम होतं) असेल, तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. छपाईची आज्ञा पुन्हा देण्याआधी रांग बघायची.

'एलपी' ही आज्ञा स्वतः कागद छापत नाही. ती फाइल 'कप्स'च्या, म्हणजे लिनक्समध्ये छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, रांगेत लावते आणि जॉब नंबर देते. प्रिंटर बंद असला तरी नंबर मिळतो, इथेच नवा माणूस फसतो. चिपळूणला पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. गिऱ्हाईक टेबलावर बोटं वाजवतंय, प्रिंटर गप्प, आणि पोरगा तीच आज्ञा पुन्हा पुन्हा मारतोय. रांग डिस्कवर असते, संगणक बंद पडला तरी शाबूत राहते. लाइट आली की एकाच सातबाऱ्याचा गठ्ठा! म्हणून आधी 'एलपीस्टॅट'ने रांग बघा, मग नको असलेल्या जॉबचा नंबर 'कॅन्सल'ला द्या.

पावसात कागद सर्दावतो आणि अडकतो. तो काढूनही प्रिंटर हलत नसेल तर 'एलपीस्टॅट डॅश पी'ने प्रिंटरची अवस्था बघा. 'डिसेबल्ड' (थांबवलेला) दिसलं तर तो सुरू करायला 'कप्सएनेबल' आणि पुढे प्रिंटरचं नाव. मेकॅनिकला फोन त्यानंतर. फोडलेलं रिम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, हे मात्र कुठली आज्ञा करून देणार नाही.

जास्त प्रतींसाठी 'एलपी'ला 'डॅश एन' आणि आकडा, बाकीचं 'मॅन एलपी' या माहितीपानात सापडेल.

फाइलींच्या नावांकडे जास्त लक्ष द्या. आमच्याकडे अख्खी वाडी एकाच आडनावाची असते, त्यामुळे नुसत्या आडनावाने ठेवलेली फाइल दुपारपर्यंत हरवते. आधी तारीख (वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, म्हणजे फाइलींची यादी देणारं 'एलएस' आपोआप ओळीने दाखवतं), मग गाव, वाडी, गट नंबर. मध्ये मोकळी जागा नको, डॅश चालेल. फाइलचं नाव बदलणाऱ्या 'एमव्ही'ला 'डॅश आय' जोडा, नाहीतर त्याच नावाची जुनी फाइल न विचारता जाते.

गंमत म्हणजे १९७१ साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत युनिक्सला (लिनक्सच्या पूर्वजाला) पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते तिथल्याच पेटंट विभागाचं, अर्ज टाइप करायला. आपलाच धंदा!

संध्याकाळी गिऱ्हाइकांचे आधार, पासबुकांचे स्कॅन पुसायचेच. फाइल पुसणाऱ्या 'आरएम'ला कचरापेटी नसते. तेव्हा फाइलींच्या नावांचा जो नमुना (तारा '*' घालून) 'आरएम'ला देणार, तोच आधी 'एलएस'ला देऊन यादी नीट वाचा.